बाबा झोपले आहेत

बाबांची नाइट शिफ्ट असली की आमच्या क्वार्टरमध्ये दिवसभर कोणी मोठ्यानं बोलत नाही. बेलची वायर काढून ठेवायची, कुकर लावायचा नाही, वरण उघड्या पातेल्यात शिजवायचं. कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरमधल्या सगळ्याच घरांत असं असतं. शेजारची काकू दारात आली तरी आई नुसतं आतल्या खोलीकडे बोट दाखवते, आणि काकू आल्या पावली परत.

मला हे फार जड जातं. शाळेत यंदा असेंब्ली मी चालवते, माइक हातात आला की सोडत नाही. आणि घरी मात्र कुजबुज.

त्या मंगळवारी शाळा लवकर सुटली. चार्जर घ्यायला मी हळूच बाबांच्या खोलीत शिरले. जाड पडदा लावलेला, कूलर चालू, आणि बाबा पलंगाच्या काठावर बसलेले. एका हाताची बोटं दुसऱ्या मनगटावर, ओठ हलत होते. नाडी मोजत होते.

"झोपले नाही?"

"झोपतोच आहो. जाय तू."

बिछान्याला हातही लागलेला नव्हता. बुधवारी मी दाराला कान लावला. कूलरच्या आवाजाआड चालण्याचा आवाज. खिडकीपर्यंत, परत दारापर्यंत. गुरुवारीही तेच. माझंही अभ्यासात मन लागेना. सारखी उठायची, दाराशी जायची.

मग बाकीचंही आठवायला लागलं. छातीत धडधडतं म्हणून बाबांनी ईसीजी काढला होता, एकदा नाही, दोनदा. रिपोर्ट चांगला आला म्हणून आई खूश झाली, आणि विषय संपला. मागच्या आठवड्यात माझ्या हातून पेन पडला, तर बाबा असे ओरडले की मला ते दुसरंच कोणी वाटले. बाबा क्रेन ऑपरेटर आहेत. शेडच्या छताजवळ केबिनमध्ये बसून टनांनी लोखंड उचलतात, आणि खाली माणसं काम करत असतात.

मी आईला सगळं सांगितलं.

"हळू बोल. झोपू दे त्याईले."

"आई, ते झोपतच नाही. आपण कोणासाठी गप्प बसून राहिलो?"

"तुले जास्त समजते का?"

काय समजतं ते मला माहीत नव्हतं. पण पाय एका जागी ठरेनात. ओट्यावर चटणीसाठी शेंगदाणे काढून ठेवले होते. मी ते मिक्सरमध्ये टाकले आणि बटण फिरवलं. आईनं माझा हात धरला, तरी मी सोडलं नाही.

बाबा बाहेर आले. डोळे लाल, पण झोपेतून उठल्यासारखे नाहीत.

"कावून करून राहिली आवाज?"

"तुम्ही झोपले होते का, बाबा?"

आईनं मिक्सर बंद केला. बाबा माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होते.

"नाई," ते म्हणाले. मग स्टूलवर बसले. "महिना झाला असंन. डोळा लागला की वाटते, हुकावरचा माल सुटला. परवा खरंच हात थरथरला, वंदना. माल वर होता."

आई भिंतीला टेकली. "डॉक्टर तर म्हणे चांगलं आहे."

"हार्ट चांगलं आहे. ते म्हणे, कामाचं टेन्शन आहे. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाई, घरी चिडचिड, कामात लक्ष नाई, तर काउंसलरकडे जा, थांबू नका. मी नाई सांगितलं."

"कावून?"

"पागल झाला म्हणतीन. क्रेनवरून खाली उतरवतीन. शेडमधली पोरं हसतीन."

"आणि हुकाखाली जो उभा असतो, तो काय म्हणंन?" मी म्हणाले.

म्हणून तर गेले, पण लगेच वाटलं, आता पडते चापट. बाबांनी नुसता तोंडावरून हात फिरवला. संध्याकाळी ड्युटीचे कपडे अंगावर चढवले, पुन्हा काढले, पुन्हा चढवले. मी आतबाहेर करत होते. शेवटी त्यांनी फोरमन मारोतरावांना फोन लावला.

"आज मी वर नाई चढत, भाऊ. हात साथ देऊन नाई राहिला."

पलीकडून आवाज आला, "आधी सांगाव ना बे, तेजराम. मी दुसऱ्याले चढवतो. तू घरी राहा, डॉक्टरचा कागद घेऊन ये."

बाबांनी काउंसलर शेजारच्या दुर्ग शहरातली निवडली, पद्मनाभपूर भागातली. सेक्टरमध्ये कोणी पाहिलं तर चर्चा होते म्हणे. तिथंही खुर्चीवर बसेनात. "उद्या येऊ" असं दोनदा म्हणाले, एकदा तर स्कूटरपर्यंत गेलेसुद्धा. नाव पुकारलं तेव्हा आईनं त्यांच्या पाठीला हात लावला आणि ते आत गेले. मी बाहेर भिंतीवरची सगळी पोस्टरं वाचून काढली, मग उलटीकडून वाचली.

बाहेर आले तेव्हा वैतागलेले होते.

"ते मॅडम काही बोलतच नाई. मलेच बोलाव लागते."

"मग काय बोलले?"

"तुले कावून सांगू?" स्कूटरची चावी खिशात शोधत बाबा म्हणाले. "पुढच्या मंगळवारी अजून बोलावलं."

"जाणार ना?"

"जाव लागंन. अजून अर्धंच सांगितलं."