बरणीमावशींचा रविवार

"मावशी, तुमची पोरं जेवायची थांबली बघा," संगणकाच्या पडद्यावरची रेघ दाखवत मॅडम म्हणाल्या. इतके आठवडे चढत आलेली रेघ आता आडवी झाली होती.

"थांबतील नाही तर काय. ताटात काही उरलंय कुठे?"

प्रयोगशाळेत त्यांना सगळे बरणीमावशी म्हणत. काम असं : एक कंपनी मातीत विरून जाणारी पिशवी बनवते, ती खरंच विरते का, ते बघायचं. पिशवीचे तुकडे ओलसर कंपोस्टात कालवायचे, बरण्यांत भरायचे, बरण्या उबदार कपाटात ठेवायच्या. कंपोस्टातले डोळ्यांना न दिसणारे जीव ते तुकडे खातात आणि आपल्यासारखाच श्वास सोडतात. तो श्वास शेजारच्या बाटलीतल्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात अडकतो आणि त्या पाण्याचा जोर कमी करतो. मावशी त्या पाण्याला गुलाबी रंग आणत, मग त्यात आम्लाचा एकेक थेंब सोडत. जितक्या कमी थेंबांत गुलाबी रंग उडेल, तितके ते जीव पोटभर जेवले असं समजायचं.

दर रविवारी बरण्या उघडून कंपोस्ट खालीवर करावं लागे, कोरडं वाटलं तर पाणी शिंपडावं लागे. सुटीच्या दिवशी कोण येणार? मावशी येत. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. मुलगा फोनवर म्हणे, "आई, ये की एखाद्या रविवारी."

"अरे, मग बरण्या कोण हलवणार?" त्या म्हणत. कुणाचं तरी आपल्यावाचून अडतंय, हे बोलून दाखवताना त्यांना बरं वाटे.

"आता रविवारी सुटी," मॅडम म्हणाल्या. "नवीन काम येईपर्यंत लेकाकडे जाऊन या."

मावशींनी हात धुतले, जिन्यात जाऊन फोन लावला.

"या रविवारी येईन म्हणते."

"या रविवारी? अगं, हिच्या ऑफिसातली माणसं येणारेत. तुलाच अवघडल्यासारखं होईल. पुढे बघू ना." मग घाईघाईने, "आणि तुझ्या बरण्यांचं काय?"

"हो रे, त्या आहेतच. मी आपलं सहज विचारलं. जेवलास का?"

"हो."

"बरं. ठेवते."

त्या परत आल्या तेव्हा मॅडमनी मान वर करून विचारलं, "काय म्हणतोय लेक?"

"म्हणतोय, आजच ये. मीच म्हटलं, एवढी काय घाई."

बरण्या ट्रॉलीवर ठेवून त्या मागच्या अंगणात गेल्या. एकेक बरणी वाफ्यात उपडी केली. काळं, भुसभुशीत कंपोस्ट; पिशवीचा मागमूसही नव्हता. ढेकळं फोडायला त्यांनी त्यात हात घातले. फोडायचं असं काही उरलं नव्हतं. पण आत अजून ऊब होती, म्हणून हात तसेच ठेवून त्या वाफ्याकडेला बसून राहिल्या.