देवदूताचं हस्ताक्षर

रविवारची प्रार्थना संपली तरी आमच्या बेस्किद डोंगरातलं अख्खं गाव प्रोकोपबुवांच्या अंगणात ताटकळत होतं. ओढ्यातल्या दगडी लाद्यांवर नागमोडी रेघा असतात. ते देवदूताचं हस्ताक्षर आहे आणि ते आपल्यालाच वाचता येतं, असा बुवांचा दावा. स्वतःची सही करायची वेळ आली की मात्र ते फुली मारत.

विधवा ल्युद्विकाची मुलगी झुझ्या तापानं फणफणली होती. घसा असा सुजलेला की पाणी उतरेना. डॉक्टर खाली शहरात. ल्युद्विकानं ओढ्यातून उचलून आणलेल्या लादीवर बुवांनी बोट फिरवलं. "देवदूत म्हणतो, पोरीला वेशीबाहेर नेलंत तर गेलीच. आणि माझ्या ह्या सेवकाला मेंढीचं चीज पोचतं करा." देवदूताचं कुठलंही पत्र चीजवरच संपायचं.

शाळेच्या साबिनाबाई ल्युद्विकाला म्हणाल्या, "गाडी जोडायला सांगते. चल."

"आणि बुवांचं खरं ठरलं तर, बाई? मला एवढी एकच आहे."

बाईंनी वाद घातला नाही. लादी मागून घेतली, वरचं टोक खाली केलं, कडा शालीत गुंडाळल्या आणि थोड्या वेळानं बुवांपुढे धरली. "माझा भाऊ प्रवासाला निघालाय. एवढं वाचून सांगता?"

बुवा डोलू लागले. "देवदूत म्हणतो, वेळ दवडू नका. वेशीपलीकडेच कल्याण आहे. आणि चीज..."

बाईंनी शाल काढली. कोपऱ्याचा टवका ल्युद्विकानं ओळखला. "ही तर माझीच लादी. उलटी धरलेली."

"देवदूत दोन्हीकडून लिहितो," बुवा म्हणाले.

"मग माझ्या पोरीनं जायचं की राहायचं?"

बुवा चष्मा शोधू लागले. चष्मा त्यांना कधी नव्हताच.

ल्युद्विका पोरीला आणायला धावली. गाडी जोडता जोडता म्हाताऱ्या कास्परनं विचारलं, "मग ह्या रेघा कुणाच्या, बाई?"

"समुद्रातल्या किड्याच्या. हे दगड कधीकाळी खोल समुद्राचा तळ होते. तिथं अंधार, आणि चिखलात खायला अगदी थोडं. म्हणून किडा एक पट्टा खाऊन वळायचा, शेजारून परतायचा. खाल्लेल्या जागी पुन्हा जायचा नाही. त्या वाटांवर वाळू बसली, तिचा दगड झाला. पुढं तळच वर उचलला गेला, त्याचे हे डोंगर."

"म्हणजे आपण नांगरतो तसा चालायचा," कास्पर म्हणाला. "आणि आम्ही त्याच्या जेवणापुढं गुडघे टेकत होतो."

डॉक्टरांनी झुझ्याच्या घशातलं गळू फोडलं. आणखी उशीर झाला असता तर श्वास कोंडला असता, म्हणाले. पोरगी घरी आली. बुवा पलीकडच्या खोऱ्यात गेले; ओढे तिथंही आहेत.

दगड जरूर बघा. त्यांवरून समुद्र किती खोल होता हेसुद्धा कळतं. तुमच्या पोरीला काय झालंय, ते मात्र डॉक्टरलाच विचारा.