एकशिंग्याच्या पाठीवरचं भोक

भट्टीतून मुद्रा बाहेर आली ती दुधासारखी पांढरीशुभ्र, आणि इरुलीला वाटलं, आपल्या छातीत मावणार नाही एवढं काहीतरी आत शिरलंय. भट्टीत जाण्याआधी संगजिऱ्याच्या दगडाची करडी, मऊ वडी होती ही. तिच्यावर इरुलीने एकशिंगी बैल कोरला होता, मानेवरच्या सुरकुत्यांसकट. वरची अक्षरं मोकाई आत्याच्या हातची. आयुष्यातली पहिली मुद्रा, आणि तीही तांडेल कोडानच्या घराची!

आत्याने मुद्रा उलटी केली. पाठीवर दोरी ओवायचा उंचवटा होता. त्याला भोकच नव्हतं.

"इरुले," आत्या शांतपणे म्हणाली, "तांडेलाने ही गळ्यात कशी घालायची? डिंकाने चिकटवून?"

इरुलीच्या तोंडचं पाणी पळालं. भोक भाजण्याआधी पाडायचं, हे त्यांच्या कारखान्यातलं मांजरसुद्धा सांगेल. पण ती बैलाच्या डोळ्यात अशी हरवली, की मुद्रेच्या मागे बघायचंच राहिलं. आता भाजून टणक झालेला तो दगड तांब्याच्या टोच्यालाही दाद देणार नव्हता. बरं, दुसरी कोरावी तर तेही नाही. एका घराची अक्षरं वर्षातून एकदाच कोरायची, ही रीत. आणि दोरीत ओवली नाही तर मुद्रा गलबतावर हरवणार, मुद्रेवाचून कोडानची गाठोडी समुद्रापलीकडे कुणी विकत घेत नसे.

तेवढ्यात कोडानच दारात आला. "भरतीला निघतोय. माझा बैल झाला का तयार?"

"बैल तयार आहे," आत्या म्हणाली, "वेसण राहिलीय. तू गाठोडी बांध, आम्ही धक्क्यावर येतो."

दोघी तडक मण्यांच्या आळीत गेल्या. तिथली तुमारी टणक तांबड्या अकिकालाही भोक पाडायची. तिने उंचवट्यावरून बोट फिरवलं. "भोक पाडायचा सामता देते, पाणीही देते. पण बाई, हे एवढंसं आहे. जोर झाला की चुरा."

"मग तूच पाड ना, मावशी," इरुली म्हणाली.

"ती का पाडेल?" आत्याने तिला खाली बसवलं. "बैल तुझा, त्याचं भोकही तुझं."

इरुलीने सामत्याच्या धनुष्याची दोरी काठीला गुंडाळली, टोकाशी तुमारीचा काळा दगडी दाता बसवला आणि हलक्या हाताने फिरवायला घेतलं. तुमारी थेंब थेंब पाणी सोडत होती. पांढरी पिठी निघे, पाण्याबरोबर वाहून जाई. अर्ध्यावर आल्यावर मुद्रा फिरवून दुसऱ्या बाजूने सुरुवात. दोन्ही भोकं आत भेटली तर भेटली. मध्येच कड् असं वाजलं आणि उंचवट्याचा एक टवका उडाला. इरुलीने धनुष्य थांबवलं.

"कडेचा गेला," तुमारी वाकून म्हणाली. "चालू दे. थांबलीस की घाबरशील."

"घाबरलेच आहे."

"मग काय, तसंच फिरव."

आणि एकदम दाता अलगद आत गेला. पुढे दगडच नव्हता. इरुलीने भोकावर तोंड ठेवून फुंकर मारली. पलीकडून पाण्याचा थेंब उडून थेट आत्याच्या नाकावर.

"लागली वेसण," आत्या नाक पुसत म्हणाली.

धक्क्यावर पाणी चढू लागलं होतं. कोडानने गाठोड्याच्या गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापला, दोरी ओवलेली मुद्रा दाबली आणि उचलली. इरुली पुढे वाकली आणि बघतच राहिली. दगडात तिने खड्डे कोरले होते. मातीत मात्र बैल फुगून वर आला होता, श्वास घेतल्यासारखा, आणि तोंडही दुसरीकडे फिरवून. असंच होणार हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तरी अंगावर सर्रकन काटा आला.

"समुद्रापलीकडच्या लोकांना आपली अक्षरं येतात?" तिने विचारलं.

"छे. आपली बोलीही येत नाही. पण हा बैल दिसला की गाठ कुणी सोडत नाही."

आपण न पाहिलेल्या माणसांसमोर हा बैल उभा राहणार, आणि ती माणसं हात मागे घेणार.

"इथेच खांब होऊन उभी राहणार आहेस का?" कोडानने मुद्रा तिच्या हातात दिली. "अजून ढीगभर गाठोडी आहेत. दाब."

तिने पुढचा गोळा थापला.