टोपली दाराबाहेर

मित्रांनो, गुरुवारी जिना चढून वर आलात की डाव्या हाताच्या दाराशी मी दिसते. मी एक जुनी वेताची टोपली आहे. मागच्या गुरुवारी तुमच्यापैकी कुणीतरी माझ्यात चॉकलेटचा कागद टाकला, आणि त्याआधी एकाने बसचं तिकीट. मी कचऱ्याची टोपली नाही बरं का! माझ्या काठावर पितळी तारेचे वेढे दिसतात ना? कचऱ्याच्या टोपलीला कोणी एवढं नटवत नाही. बसा दोन घटका, मी इथे दाराबाहेर का आहे ते सांगते.

माझा जन्म इथून फार लांब, एका शेतावर झाला. शेतवाल्या वहिनींचे सासरे हिवाळ्यात गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून टोपल्या विणत. त्यांना नुसतं बसवत नसे. वेत रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी मऊ झाला की विणायला घ्यायचा, आणि वीण जराशी सैल पडली की सगळं उसवून पुन्हा सुरुवात. मला त्यांनी तीनदा उसवलं होतं. तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता, पण आज वीस वर्षांनी माझा तळ शाबूत आहे तो त्या तीन वेळांमुळेच.

मी एकटी जन्मले नाही. प्रत्येक घरासाठी ते दोन टोपल्या विणत. माझ्याबरोबर माझी जुळी बहीण झाली आणि दोघींच्या कडीला हिरवी नाडी बांधली गेली. हिरवी नाडी म्हणजे गावातलं तिसऱ्या मजल्यावरचं, घड्याळकाकांचं घर. दर गुरुवारी सकाळी अकराच्या ठोक्याला वहिनी भरलेली टोपली घेऊन त्या घराशी जायच्या. दाराबाहेर रिकामी टोपली ठेवलेली असायची. भरलेली ठेवायची, रिकामी उचलायची, आणि खाली उभ्या असलेल्या टेम्पोकडे वळायचं. एका आठवड्यात मी वर राहायचे आणि बहीण शेतावर, पुढच्या आठवड्यात उलट. आमची गाठ पडायची ती त्या उंबरठ्याशी, श्वासभर. तेवढ्यात ती सांगायची, "मटार संपले," आणि मी सांगायचे, "काकांना सर्दी झाली आहे."

शेतात त्या त्या मोसमात जे पिकेल तेच आमच्यात यायचं. मटार संपले की संपले. एखादं गिऱ्हाईक कुरकुरलं, की वहिनी हसून म्हणत, "माझ्यावर कशाला रागावता? झाडालाच विचारा की." वर्षअखेरच्या सुट्ट्यांआधीच्या गुरुवारी मात्र आमचा थाट काही औरच असायचा. लाल भोपळा, मातीसकट गाजरं, अक्रोड, मधाची बाटली, गवतात गुंडाळलेली अंडी, आणि सगळ्यांत वर वहिनींच्या अंगणातल्या झाडाची नाशपाती. त्या दिवशी माझी कडी कुरकुरायची, पण मला तो भार हवाहवासा वाटायचा.

आता सासऱ्यांनी घालून दिलेला एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. ते म्हणायचे, "लोकांना तोंडावर नको म्हणायला जड जातं. त्यांना त्या संकटात कशाला टाकायचं? टोपली दाराबाहेर असेल तर हवं आहे. नसेल तर नको आहे. बेल वाजवायची नाही, विचारायचं नाही, गुपचूप पुढे व्हायचं." वहिनींनी हा नियम सासऱ्यांमागेही पाळला. नियम चांगलाच होता. त्यात लोकांची लाज राखली जायची.

तिसऱ्या मजल्यावर घड्याळकाका राहायचे. जन्मभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती, आणि म्हातारपणी दुकान बंद केल्यावर नऊ घड्याळं घरी आणून भिंतीवर टांगली होती. प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू यावा म्हणून त्यांनी ती मुद्दाम थोडी मागेपुढे लावली होती. त्यामुळे त्या घरात अकरा वाजायला सुरुवात झाली की बराच वेळ वाजतच राहायचे. बायकोच्या हातचा चहा आणि हे टोल, एवढं असलं की काकांना जग नको असायचं.

टोपलीचा नियम वहिनींच्या सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी काकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, दारात उभं राहून समजावला होता. काकूंनी तो नवऱ्याला कधी सांगितला नाही, कारण स्वयंपाकघरातलं काही त्याच्या डोक्यात राहत नाही हे त्यांना ठाऊक होतं. काकू गेल्यावर काका त्यांच्यासारखंच सगळं करत राहिले. बुधवारी मला झटकायचं आणि गुरुवारी बाहेर ठेवायचं. का ठेवायचं, ते त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी स्वतःची म्हणून एकच पद्धत सुरू केली. रिकाम्या टोपलीत ते चिठ्ठी ठेवत. "गाजरं उत्तम. बटाट्यांत एक कुजका. बीटवर पाव किलो माती." वहिनी शेतावर ती चिठ्ठी मोठ्याने वाचत आणि पोट धरून हसत. एवढ्या वर्षांत दोघं समोरासमोर बोलले असतील जेमतेम पाच-सहा वेळा, तेही जिन्यात. पण वहिनी सगळ्या चिठ्ठ्या मधाच्या रिकाम्या बरणीत जपून ठेवत. आपलं इतकं मन लावून खाणारं दुसरं कोण होतं त्यांना?

एका वर्षी काकांची लेक चार वर्षांनी सुट्टीला येणार होती. तिचं शहर लांब, विमानाचा प्रवास. काका फोनवर रोज तेच सांगत. "अगं, तू ती नाशपाती खाऊन तर बघ. बाजारातली ती नाशपातीच नव्हे." लेक म्हणायची, "हो बाबा, हो. कालपण सांगितलंत." सुट्टीचा गुरुवार आठवड्यावर आला होता. वहिनींनी घाईघाईत थोडी नाशपाती मागच्याच गुरुवारी पाठवली होती, आणि काकांनी रीतसर चिठ्ठी लिहिली. "नाशपाती जरा कच्ची निघाली. बाकी झकास." ती चिठ्ठी घेऊन बहीण शेतावर गेली आणि मी वर राहिले.

त्याच आठवड्यात माझ्या काठाची वीण सुटली. बुधवारी संध्याकाळी काकांनी मला उचललं, चष्म्यावर भिंग चढवलं आणि म्हणाले, "अरे अरे, हे असं जायचं नाही. वहिनी काय म्हणतील?" घड्याळाच्या कामातली पितळी तार काढून त्यांनी वेढे घालायला सुरुवात केली. सासऱ्यांचाच दुसरा अवतार! एक वेढा तिरका गेला की सगळं सोडून पुन्हा. गुरुवारी सकाळी चहा गार झाला, तरी ते तारेशीच झटत होते. मी मनात ओरडत होते, "काका, राहू द्या ते! मला बाहेर ठेवा! अकरा वाजत आले!"

आणि अकरा वाजले. पहिलं घड्याळ, दुसरं, तिसरं. त्या टोलांच्या आडून मला जिन्यावर वहिनींची पावलं ऐकू आली. त्या दाराशी आल्या. थांबल्या. माझी बहीण त्यांच्या हातात होती, गच्च भरलेली, मला तिच्या कडीची कुरकुर ओळखू आली. एवढा वेळ त्या कधीच थांबत नसत. मग पावलं हळूहळू खाली गेली. नववं घड्याळ वाजून संपलं तेव्हा काकांनी तार पक्की केली आणि खूश होऊन मला दाराबाहेर आणलं.

बाहेर काहीच नव्हतं. काका कठड्यावरून वाकले. खाली वहिनी टेम्पोत टोपली चढवत होत्या. हिरवी नाडी, लालबुंद भोपळा. टेम्पो सुरू झाला आणि वळणावरून गेला.  काका मला आत घेऊन खुर्चीत बसले आणि पुटपुटले, "नाशपातीचं लिहायला नको होतं मी. माणसाने किती चिकित्सा करावी!"

मित्रांनो, टोपलीला तोंड असून बोलता येत नाही, याचं मला त्या दिवसाइतकं वाईट कधी वाटलं नाही. लेक आली, बाजारातली भाजी आली. जेवताना तिने विचारलं, "बाबा, तुमची ती नाशपाती कुठाय?" काका म्हणाले, "या वर्षी झाडाला लागलीच नाही गं." ते खोटं बोलले आणि पाणी प्यायला उठले.

वर्षभर मी कपाटावर होते. माझ्यात वर्तमानपत्रं आली, मग लोकरीचे गुंडे, मग घड्याळांचे मोडके काटे. काकांनी मला पुन्हा बाहेर ठेवलं नाही. मागून घ्यायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दर गुरुवारी अकरा वाजता वहिनींची पावलं दुसऱ्या मजल्यापर्यंत यायची, कारण तिथे त्यांचं एक गिऱ्हाईक होतं. तिथून वर आमचं दार दिसायचं. तिथे ती क्षणभर थांबायची आणि मागे फिरायची. काका तेव्हा खुर्चीत अगदी ताठ बसलेले असायचे. मला ओल्या मातीच्या वासाची इतकी आठवण यायची की एकदा कुणीतरी कुंडीला पाणी घातलं, तर मी दिवसभर बेचैन होते. बहीण कुठे असेल, तिला दुसऱ्या घराची नाडी बांधली असेल का, हाच विचार.

पुढच्या सुट्ट्या आल्या तोवर काकांची नजर बरीच गेली होती. लेक त्यांना कायमचं आपल्याकडे न्यायला आली. एक सोडून बाकीची घड्याळं एकेक करून ओळखीच्यांना दिली गेली. भिंतीवर फिकट गोल उरले. बांधाबांध करताना लेकीने मला उचललं आणि विचारलं, "ही टाकायची?"

"टाकायची काय! दुसऱ्याची वस्तू आहे. आज गुरुवार ना? ठेव बाहेर." मग त्यांनी चाचपडत चिठ्ठी लिहिली. ओळी वरखाली गेल्या. "वहिनी, टोपली दुरुस्तीसाठी आत घेतली होती. परत करायला वर्ष लागलं. नाशपातीबद्दल लिहिलं ते मनावर घेऊ नये. बाकी सगळं नेहमीच उत्तम होतं."

मी वर्षाने दाराबाहेर आले. अकरा वाजता दुसऱ्या मजल्यावर पावलं थांबली. मग वहिनींचा आवाज आला, "अगं बाई!" आणि त्या दोन-दोन पायऱ्या चढत वर आल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. मग मला तिथेच ठेवून खाली धावल्या. परत आल्या तेव्हा धापा टाकत होत्या, आणि त्यांच्या हातात माझी बहीण होती. हिरवी नाडी तशीच! वर्षभर ती रिकामीच टेम्पोत खुंटीला टांगलेली होती, दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. आता तिच्यात वहिनींनी स्वतःच्या घरासाठी टेम्पोत बाजूला ठेवलेली नाशपाती होती.

वहिनी दाराकडे बघत उभ्या राहिल्या. मग सासऱ्यांचा नियम त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मोडला. त्यांनी दार वाजवलं.

काकांनी दार उघडलं. अंगात कोट, पायात बूट, मागे बांधलेल्या बॅगा.

"काका, या वेळी पिकली आहे हो," वहिनी म्हणाल्या आणि टोपली पुढे केली.

"अहो, मी नुसती तार गुंडाळायला आत घेतली होती. तुम्ही बेल का नाही वाजवलीत?"

"टोपली आत म्हणजे नको, असं आमच्या मामंजींनी काकूंना सांगितलं होतं."

"मला कुठे सांगितलं तिने?" काका म्हणाले. मग दोघंही हसायला लागले आणि हसता हसता दोघांवरही डोळे पुसायची वेळ आली. लेकीने एक नाशपाती तिथेच उभ्या उभ्या खाल्ली. रस हनुवटीवरून ओघळला. "बाबा, तुम्ही सांगायचात तशीच आहे," ती म्हणाली. काकांना तो रस दिसला नसेल, पण खाण्याचा आवाज त्यांनी मान कलती करून पूर्ण ऐकला.

खाली गाडीवाला हॉर्न देत होता. वहिनींनी बहिणीतलं सगळं माझ्यात भरलं आणि म्हणाल्या, "ही तुमच्याजवळ राहू द्या. तारेची टोपली मी कुणाला देऊ?" मी भरलेली निघाले, बहीण रिकामी. तेवढ्या वेळात आम्ही एकमेकींना काहीच सांगितलं नाही. वर्षभराचं कुठून सुरू करणार?

आता मी इथे, लेकीच्या घरी आहे. इथे बारा महिने सगळं मिळतं आणि पुडक्यातून येतं. आणणारा माणूस पुडकं ठेवतो, फोटो काढतो आणि जातो. काका जेवतात, तक्रार करत नाहीत. चिठ्ठ्याही लिहीत नाहीत. पण दर गुरुवारी सकाळी ते भिंतीला हात लावत येतात आणि मला दाराबाहेर ठेवतात. लेक म्हणते, "बाबा, इथे कोण येणार आहे?" ते म्हणतात, "माहीत आहे गं. पण हवं आहे, हे कळायला नको का?"

मित्रांनो, तुम्ही रोज या दारावरून धडाधड पायऱ्या उतरता. कुणी बोलायचं थांबलं, कुणाची टोपली दिसेनाशी झाली, तर मनातल्या मनात अर्थ लावत बसू नका. आमचं एक वर्ष त्यात गेलं. आणि माझ्यात कागद टाकायचेच असतील, तर निदान त्यावर चार शब्द लिहून टाका.

नाहीतर असं करा, आता आलाच आहात तर दार वाजवा. आत काका बसलेले आहेत. अकरा वाजत आले आहेत, पण घाबरू नका. आता घड्याळ एकच उरलं आहे. त्यांना ऐकू येईल.