वजूखान्यातल्या पाच रेघा

या फेरीत सुताराला मिळवायचं होतं ते एकच: बायकोच्या तोंडून एक बरा शब्द. लपवायचंही एकच होतं, आणि ते वजूखान्याच्या भिंतीत होतं. म्हणून मशीद कुठून कुठे दाखवायची याचा नकाशा त्यानं बसमध्येच मनात आखला होता.

तो सेंट्रिंगचा सुतार. काँक्रीट ओतायला लाकडी साचे उभारायचे, ते घट्ट झालं की तेच साचे उखडायचे. "उभं करता नि मोडता. राहतं काय तुमचं?" हे बायको लग्नापासून विचारत आली. या मशिदीच्या कामात मात्र राहिलं होतं. ना घुमट, ना मिनार. कागदाला घड्या घालाव्यात तसं छत, फटींतून उतरणारं ऊन, आणि भिंतींना गिलावाच नाही. फळ्यांची रेघ न् रेघ काँक्रीटवर उमटलेली. लांबून माणसं बघायला यायची. बायकोला आणायला त्यानं अकरा वर्षं लावली.

नमाजाची वेळ नव्हती. दारावरचा सेवक म्हणाला, "पुढून सफाई चाललीय, भाऊ. वजूखान्यातून जा."

"आम्ही थांबतो."

"चहा निवेपर्यंत कधी थांबला नाहीत," बायको म्हणाली, "आणि आज थांबता?"

हातपाय धुण्याच्या नळांची लांब रांग होती. सुतार बायकोच्या आणि भिंतीच्या मधून चालत होता. कधी छत दाखव, कधी नळ.

"नळ आपल्याकडेही आहेत," ती म्हणाली आणि त्याला बाजूला सारून पुढे झाली. भिंतीवर मांडीपासून छातीपर्यंत पाच आडव्या रेघा, काँक्रीटमध्ये वर आलेल्या. पाचवी तिरपी.

लेकीची उंची मोजायला तिनंच स्वयंपाकघराच्या दाराच्या फळीवर चाकूनं खाचा पाडल्या होत्या. पाचव्या वेळी पोरगी टाचा उचलून हसली नि हात हलला. नंतर कधीतरी बायको माहेरी गेली असताना ते दार गेलं.

"दाराला वाळवी लागली म्हणाला होतात ना?"

सुतार एक नळ उघडून बंद करू लागला. "ऐन वेळी साच्याची फळी तडकली. काँक्रीटची गाडी उभी. घरचं दार आणून लावलं. खाचा बुजवायलाही वेळ नव्हता. काय करणार होतो मी?"

"सांगणार होतात."

मागून सेवक आला. "सगळे इथेच थांबतात, ताई. आर्किटेक्टनी मुद्दाम ठेवल्यात म्हणे. काय डोकं असेल बघा."

सुतारानं तोंड उघडलं. बायकोनं पाहिलं, तसं मिटलं.

तिनं तिरप्या रेघेवर हात ठेवला. "टिकेल किती?"

"आपण सगळे गेलो तरी राहील."

बाहेर पडेपर्यंत छताकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. चपला घालताना म्हणाली, "पोरीला फोन लावा. रजा काढून विमानानं ये म्हणावं, तिला तिथे उभी करायचीय. आणि वाळवीचं तुम्हीच सांगायचं."

हिशेब असा मिटला: कौतुक आर्किटेक्टला गेलं, रेघा बायकोला मिळाल्या. लेकीच्या विमानाचं भाडं आणि अकरा वर्षं उशिरा बोलायचं खरं, दोन्ही सुताराच्या नावावर पडलं.