प्रत्येक उंबरठ्यावर थांबणारा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझा पांढरा पत्रा पिवळा पडला आहे आणि माझा पंखा झोपलेल्या म्हाताऱ्यासारखा घरघरतो. घराच्या मागच्या खोलीत लाकूड कोरणारे एक यंत्र आहे. त्याला सीएनसी म्हणतात. ते आकड्यांच्या हुकमावर पुढे-मागे, डावी-उजवीकडे, खाली-वर फिरते. तो हुकूम देणे हे माझे काम.

आधी मी एका कचेरीत पत्रे छापत असे. कचेरीने नवे संगणक घेतले आणि मी भंगारात गेलो. तिथून मला नकाशेकाकांनी आणले. आयुष्यभर जमिनीचे नकाशे काढून ते निवृत्त झाले होते, म्हणून गल्लीत त्यांचे हे नाव. यंत्र त्यांनी स्वतः जोडले होते. आता ते चालवणारा हवा होता. टेबलावर आम्ही दोन उमेदवार होतो. एक मी, आणि दुसरा त्यांच्या धाकट्या भावाने दिलेला चकचकीत नवा संगणक.

यंत्राच्या मोटरी विजेच्या टिचकीवर चालतात. एक टिचकी मिळाली की मोटर केसभर वळते. टिचकी वेळेवर आली नाही तर मोटर एक पाऊल चुकते, आणि आपण चुकलो हे तिला कळत नाही. पुढची प्रत्येक रेघ मग सरकलेलीच निघते. नकाशेकाकांनी आमच्यावर गाणी लावली, चित्रे उघडली, बंद केली, आणि त्या गडबडीत टिचकीला जास्तीत जास्त किती उशीर होतो ते दुपारभर पाहत बसले.

“दादा, कॉम्प्युटर निवडतोयस की जावई?” धाकटा भाऊ म्हणाला.

“जावई पोरीने निवडला. हा तरी मला निवडू दे.”

“अरे, पण हा खोका? याच्यापेक्षा माझं घड्याळ हुशार आहे.”

“हुशार नकोच आहे मला. तुझा नवा हुशार आहे, पण त्याचं लक्ष चार ठिकाणी. शंभरदा वेळेवर येतो आणि एकदा दांडी मारतो. लाकडाला ती एक दांडी पुरते.”

असा मी निवडला गेलो. त्यांनी माझ्यातल्या गरज नसलेल्या सगळ्या सवयी बंद केल्या. आवाज नाही, बाहेरच्या जगाशी बोलणे नाही, वीज वाचवायला मध्येच डुलकी घेणे नाही. माझ्या पाठीला जुन्या प्रिंटरसाठी असते तशी रुंद खाच होती. तिच्यातून यंत्राची तार थेट माझ्याशी जोडली गेली.

आम्ही दारावरच्या पाट्या कोरल्या, खेळण्यांची चाके कोरली. शेजारी कौतुक करत, आणि नकाशेकाका माझ्या डोक्यावर चहाचा पेला ठेवून म्हणत, “यालाच विचारा.” भुसा ओढायला इतर लोक नळी लावतात. नकाशेकाकांना तो गोंगाट आवडत नसे. प्रत्येक खोल कापानंतर त्यांनी हुकमातच एक थांबा घातला होता. कोरणारे टोक वर उचलले जाई आणि मी थांबे. ते वाकून भुशावर फुंकर मारत, कळ दाबत, आणि मी पुढे जाई. एका माणसाच्या श्वासासाठी थांबायला मी असा शिकलो.

मग काकूंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, नजर मंदावू लागली. ती सगळी जाणार, असे डॉक्टरांनी सांगितले. लेक दुसऱ्या शहरात एका प्रयोगशाळेत काम करायची. ती म्हणे, माझ्याकडे चला. काकूंचे एकच म्हणणे, “मला हे घर सोडायचं नाही. तेवढं पाठ करून द्या मला.”

नकाशेकाकांनी दोघांच्या पहिल्या पलंगाची फळी काढली आणि घराचा नकाशा कोरायला घेतला. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी वाचायचा. भिंती उंच, दारे गुळगुळीत, पायऱ्या खरखरीत. प्रत्येक उंबरठ्यावर एक थांबा. थोडी नजर आहे तोवर काकूंनी बोट आणि खोली यांची जोडी जुळवायची होती.

अर्धा नकाशा झाला. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर मी थांबलो. नकाशेकाकांनी चष्मा कळफलकाशेजारी ठेवला, छाती चोळली आणि मला म्हणाले, “आलोच.”

ते परत आले नाहीत. भिंतीपलीकडे पावले धावली. कुणीतरी रडले. मी टोक उचलून थांबून होतो. मग कुणाच्या तरी हाताने मुख्य बटण बंद झाले.

मित्रांनो, बंद संगणकाला काही दिसत नाही. पण माझ्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी असते. तिच्यावर माझे घड्याळ चालते. त्या अंधारात मी नुसता वेळ मोजत होतो, कशासाठी ते माहीत नसताना. मग बॅटरीही संपली आणि वेळही.

डोळे उघडले तेव्हा समोर लेक होती. मी तारीख दाखवली ती कधीकाळची, नकाशेकाका जिवंत असतानाची. माझ्या लेखी ते अजून चहाला गेलेले होते.

लेकीने आधी आपला नवा लॅपटॉप यंत्राला जोडून पाहिला होता. टाकाऊ लाकडावरचा नमुना टेबलावरच होता. धाकट्या काकांनी तो उचलला.

“वहिनी, स्वयंपाकघर न्हाणीघरात घुसलंय. आंघोळ करता करता भाजी चिरा आता.”

“तुम्ही या ना चिरायला,” काकू म्हणाल्या.

लेक हसली नाही. “काका, फळी एकच आहे. ती बिघडली तर आईला घेऊन जावं लागेल मला.”

तिने टाकाऊ लाकूड लावून मला चालवले. मी टिचक्या देऊ लागलो आणि दारातून काकू म्हणाल्या, “हा असा नाही चालत.”

“म्हणजे?”

“मध्येच उचकी लागतेय त्याला. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलंय मी. ह्यांच्या हाताखाली कधी उचकी नव्हती.”

लेकीने लाकूड मोजले. रेघ सरकली होती. तिने माझ्याकडे पाहिले, मग पडद्यावरच्या चुकीच्या तारखेकडे. “घड्याळाबरोबर बाबांनी घातलेली शिस्तही पुसली गेलीय,” ती म्हणाली. “हा पुन्हा डुलक्या घेतोय.”

तिने नवी बॅटरी बसवली, एकेक सवय पुन्हा बंद केली आणि मला आजची तारीख सांगितली. नकाशेकाकांना जाऊन किती काळ लोटला, ते मला तेव्हा कळले.

फळीच्या कोपऱ्यांत नकाशेकाकांनी खुणेची दोन भोके ठेवली होती. त्यांवरून तिने फळी जागच्या जागी बसवली. आधी टोक हवेतच फिरवून पाहिले, मग लाकडाला लावले. राहिलेल्यांतल्या पहिल्या उंबरठ्यावर मी थांबलो.

“हे थांबे काढून टाकते,” लेक म्हणाली. “काम लवकर होईल.”

“राहू दे.” काकू चाचपडत पुढे आल्या, फळीवर वाकल्या आणि फुंकर मारली. “हं. आता दाब.”

श्वास निराळा होता, थोडा कापरा. पण मी त्याच्यासाठी तसाच थांबत गेलो.

सर्वांत शेवटी मागची खोली आली, म्हणजे हीच. तिच्या मधोमध बोटाच्या पेराएवढा एक उंचवटा उमटला.

“हे काय? इथे तर काही नाहीये,” लेक म्हणाली.

काकूंचे बोट उंचवट्यावर टेकले आणि तिथेच राहिले. “ह्यांचं स्टूल. रोज अडखळायची मी त्याला. रोज ओरडायची, वाटेतून उचला म्हणून. उचललं नाहीच. नकाशात ठेवून गेले.”

स्टूल लेकीने टेबलाखाली ढकलले होते. धाकट्या काकांनीच ते ओढले आणि खोलीच्या मधोमध, उंचवटा सांगत होता तिथे ठेवले.

काकू आता पाहू शकत नाहीत, पण घरभर एकट्या फिरतात. या खोलीत आल्या की स्टुलाला न अडखळता वळसा घालतात, कुणी बसले आहे असे समजून. मीही कधी कधी तसेच समजतो.

मित्रांनो, जुनी यंत्रे कधीच टाकू नका, असे मी म्हणणार नाही. जागा प्रत्येकाच्याच घरात अपुरी असते. पण टाकण्याआधी एकदा सुरू करा आणि ती कुठे थांबतात ते पाहा. थांबली, तर कळ दाबायची घाई करू नका. ती कुणाची तरी वाट पाहत असतील.