टाकीवरची सोनेरी रेघ

पुंडलिकला केरूचा मत्सर वाटत होता आणि हे त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. उगाच आडपडदा कशाला ठेवायचा? पेणसारख्या गणपतींच्या गावात रंगाने हात भरलेल्या माणसाला मान, आणि ग्रीसने भरलेल्याला लोक म्हणतात, जरा लांब उभा राहा.

केरू आखणीवाला. कारखान्यात मूर्ती घडते, घासली जाते, रंगते, आणि सगळ्यात शेवटी केरू येऊन तिचे डोळे काढतो. डोळे आले की मूर्ती आपल्याकडे बघायला लागते आणि लोक म्हणतात, काय गणपती केलाय केरूने! साचा भरणारा, पॉलिश पेपरने अंगठे सोलून घेणारा, त्यांचं नाव कुणी घेत नाही. पुंडलिक हे लहानपणापासून बघत आला होता, पण तेव्हा ते दुसऱ्यांचं दुखणं होतं.

यंदा ते त्याच्या गॅरेजात आलं. रोह्याजवळच्या अष्टमी गावच्या दत्तात्रेयकाकांकडे चाळीस वर्षांची मोटो गुझी मोटारसायकल होती. रोह्याच्या कंपनीत मशीन बसवायला आलेला एक इटालियन जाताना काकांना देऊन गेलेला. काका रिटायर झाले आणि हट्टाला पेटले, ही चालली पाहिजे. गाडी टेम्पोत घालून पेणला आली. दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, चेनच नाही, इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत थेट लोखंडी शाफ्ट. असली गाडी गावात कुणी उघडली नव्हती. पुंडलिकने उघडली.

आठ महिने लागले. बुश लेथवर करून घेतले, क्लचची केबल टेम्पोची कापून बसवली, काकांच्या कंबरेसाठी हँडल चार बोटं वर घेतलं, सीट नवी बांधली. दोन कार्बोरेटर जुळवण्यातच महिना गेला. न जुळलेल्या बैलजोडीसारखं एक ओढायचं आणि दुसरं मागे राहायचं. शेवटी एका दुपारी दोघांनी एक सूर धरला तेव्हा पुंडलिकच्या डोळ्यांत पाणी आलं. समोरची पापडवाली बायजाबाई ओरडली, "बंद कर रं तो धूर, माझं पापड काळं व्हतील!" एवढंच कौतुक त्याच्या वाट्याला आलं.

मग काकांच्या डोक्यात आलं, टाकी काळी आहे, तिच्यावर केरूच्या हातची रेघ हवी. केरू आला, स्टुलावर बसला, सोनेरी पूड वार्निशात कालवली आणि श्वास रोखून टाकीच्या दोन्ही अंगांनी दोन रेघा ओढल्या. सापाच्या जिभेसारख्या बारीक. झाकणाजवळ तो बराच वेळ वाकून काहीतरी गिरवत बसला होता. सगळं मिळून तासभराचं काम, पण गल्ली लोटली. बायजाबाई पापड सोडून आली आणि शेजारणीला म्हणाली, "बघ गो, नुसती रेघ हाय, पन गाडी जिती झाली." लोक फोन काढून फोटो घेऊ लागले. गाडी चालू करून दाखव असं एकजणही म्हणाला नाही. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात ते हेच, असं पुंडलिक मनात म्हणाला आणि आत जाऊन पाने-पकडी घासत बसला. त्याने टाकीकडे जवळ जाऊन एकदाही पाहिलं नाही.

ब्रश पुसत केरू आत आला. "पुंडलिकदादा, आमच्या गणपतीला पेट्रोल कधी लागत नाय. टाकीवर सांडलं तर रेघ जाईल का? वरनं क्लिअर मारू काय?"

जाईल, हे पुंडलिकला ठाऊक होतं. नुसत्या वार्निशातली रेघ पेट्रोलने सुटते आणि वरून क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक लॅकरचा, एक हात दिला की टिकते, हे शाळकरी पोरालाही समजावून सांगता आलं असतं. "काय गरज नाय," तो म्हणाला. "पक्की हाय." केरूने मान डोलावली. त्याचा पुंडलिकवर विश्वास होता, आणि त्याचाही पुंडलिकला राग आला.

रविवारी काका गाडी न्यायला आले. पुंडलिक मागे बसला, वाटेत काही बिघडलं तर असावं म्हणून. वडखळ गेलं, नागोठणं गेलं, गाडी अशी चालली की काका लहान मुलासारखे गाऊ लागले. पुंडलिकला खरं तर सुखात असायला हवं होतं. पण चहाच्या टपरीवर थांबले तर टपरीवाला म्हणाला, "रेघ कुनी मारली वो?" काका हसून म्हणाले, "केरू. पेणचा आखणीवाला."

खांबजवळच्या पंपावर पुंडलिक आधी उतरला. "काठोकाठ भर," तो पंपवाल्याला म्हणाला. "अजून. अजून थोडं." पेट्रोल झाकणाच्या कडेवरून उतू गेलं आणि टाकीवरून ओघळलं. काकांनी घाईघाईने रुमाल फिरवला. रुमाल सोनेरी झाला. डाव्या अंगाची रेघ वीतभर पुसली गेली होती. पुंडलिक मनात म्हणाला, झालं एकदाचं.

"अरे देवा," काका म्हणाले, "नेमकं तुझंच नाव गेलं रे!"

"माझं नाव?"

"तू वाचलं नव्हतंस? झाकणाखाली रेघेतच लिहिलं होतं त्याने, तांदळाएवढ्या अक्षरांत. 'हिचा जीव पुंडलिक.' मी विचारलं, स्वतःचं नाव का नाही? तर म्हणाला, मूर्ती घडवणाऱ्याचं नाव कुणी लिहीत नाय, काका, इथं तरी लिहू."

पुंडलिक टाकीवर वाकला. एक वेलांटी तेवढी उरली होती, कुणाची ते कळायला मार्ग नव्हता. आठ महिने ज्याची वाट बघितली ते लिहिलेलं होतं, आणि त्याने ते स्वतःच्या तोंडाने 'अजून, अजून' म्हणत धुऊन टाकलं होतं.

काकांचा पारा चढला. त्यांनी तिथूनच केरूला फोन लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. "काय रे, एवढा कारागीर तू, पेट्रोलने रंग जातो हे कळू नये? कुणाला विचारायचं तरी होतंस!"

 केरू सगळं समजला असावा. पलीकडून त्याचा आवाज आला. "विचारलं नाय, काका. माझीच चूक झाली. पुंडलिकदादांना बोल लावू नका. मी येतो अष्टमीला, परत लिवतो."

पुंडलिकला पुन्हा तीच जुनी कळ उठली. रेघ केरूची, मोठेपण केरूचं, आणि आता पुंडलिकच्या पापावर पांघरूणही केरूनेच घालायचं? लोक उद्या म्हणतील, काय मनाचा माणूस केरू! नाही, हे त्याला सहन होईना. त्याने काकांच्या हातातून फोन ओढून घेतला.

"खोटं बोलतोय, काका," तो म्हणाला. "इचारलं हुतं त्यानं. मीच नाय म्हनलो."

काका त्याच्याकडे बघत राहिले. पंपवाला नळी हातात धरून तसाच उभा होता. 

"आनि केरू," पुंडलिक म्हणाला, "येशील तवा क्लिअर घेऊन ये."